लेकीला स्कॉलरशिप पॅजंटला पाठवावं का? आधी पैशाचा कागद वाचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: पुण्याहून अलाबामात येऊन तुम्हाला आठ वर्षं झाली, यजमान गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर, लेक हायस्कूलच्या ज्युनियर वर्गात, म्हणजे अकरावीत. शाळेच्या काउन्सेलरने तिच्या हातात ‘डिस्टिंग्विश्ड यंग विमेन’चं पत्रक दिलं आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एका स्पर्धेचं चकचकीत पत्र घरी आलं, ‘तुमच्या मुलीची निवड झाली आहे’ म्हणून. लेकीला भाग घ्यायचाय. सासूबाई म्हणतात, आपल्या घरातली मुलगी सौंदर्यस्पर्धेत कशाला? आणि तुम्हाला विचारायचंय की हे पैसे खरे असतात का, कॉलेज प्रवेशाला उपयोग होतो का, आणि कथक करणाऱ्या मुलीला तिथे कोण विचारणार.

मी गेली अकरा वर्षं दक्षिणेतल्याच एका काउंटीत अशा स्पर्धेच्या स्थानिक समितीवर आहे. त्याआधी चार वर्षं आजूबाजूच्या गावांत परीक्षक म्हणून बसले. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत: मुलगी दार उघडून आत येते ती बाजू, आणि नंतर खजिनदारासोबत बसून चेक लिहिण्याची बाजू.

मला वाटतं तुमची खरी अडचण वेगळीच आहे. तुमच्या घरी आलेले दोन कागद दिसायला सारखे आहेत. दोन्हींवर हसऱ्या मुलीचा फोटो, दोन्हींवर ‘स्कॉलरशिप’ हा शब्द. पण त्यातला एक कार्यक्रम तुमच्या मुलीला पैसे द्यायला निघालाय आणि दुसरा बहुधा तुमच्याकडून घ्यायला. हा फरक एकदा ओळखता आला की बाकीचे प्रश्न बरेच हलके होतात. म्हणून आधी पैशांचं बोलते, मग मुलीचं.

थोडी पार्श्वभूमी, कारण सासूबाईंना समजावताना ती लागेल. मिस अमेरिका १९२१ साली अटलांटिक सिटीत सुरू झाली ती लेबर डे, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीची सुट्टी, संपल्यावरही पर्यटक किनाऱ्यावर थांबावेत म्हणून. तेव्हा ती निव्वळ सौंदर्यस्पर्धाच होती. शिष्यवृत्ती आली १९४५ मध्ये. लेनोरा स्लॉटर या संचालिकेने ती कल्पना लावून धरली आणि त्या वर्षी जिंकलेल्या बेस मायरसनला ५,००० डॉलर मिळाले. पुढे १९५८ साली अलाबामातल्याच मोबील शहरात हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या मुलींसाठी ‘अमेरिकाज ज्युनियर मिस’ सुरू झाली. पत्रकार डायान सॉयर १९६३ मध्ये तीच जिंकली होती. २०१० मध्ये तिचं नाव ‘डिस्टिंग्विश्ड यंग विमेन’ झालं. काउन्सेलरने दिलेलं पत्रक याच कार्यक्रमाचं आहे, आणि त्याची राष्ट्रीय फेरी आजही मोबीललाच होते. यात मुकुट नसतो, पदक असतं. स्विमसूट नसतो. फिटनेसच्या फेरीत सगळ्या मुली एकसारख्या कपड्यांत एकत्र व्यायामाचा नाच करतात. मिस अमेरिकेनेही २०१८ मध्ये स्विमसूटची फेरी बंद केली.

गुण कसे देतात ते सांगते, म्हणजे ‘सौंदर्यस्पर्धा’ या शब्दाला उत्तर मिळेल. शालेय प्रगतीला २५ टक्के, मुलाखतीला २५, टॅलेंटला २०, फिटनेसला १५ आणि ‘सेल्फ एक्स्प्रेशन’ म्हणजे मंचावर उभं राहून एका प्रश्नाचं उत्तर देण्याला १५. शालेय प्रगती वेगळं मंडळ तपासतं. आम्ही परीक्षक मुलींची मार्कशीट पाहतही नाही. म्हणजे निम्मे गुण अभ्यास आणि बोलणं यांवर जातात. मंचावर दिसण्याचा परिणाम होतच नाही असं मी म्हणणार नाही. उंच, मोकळेपणाने चालणारी मुलगी समोर आली की माणसाची नजर तिच्याकडे जाते, परीक्षकाचीही. पण दिसण्याला गुण लिहायला कागदावर रकानाच नाही, आणि त्याने फरक पडतो.

आता पैसे.

तुमच्या हातातल्या दोन्ही कागदांवर पहिली गोष्ट शोधा ती फी. डिस्टिंग्विश्ड यंग विमेनला प्रवेश फी नसते. पैसे गावातून येतात: बँकेची शाखा, दंतवैद्य, फर्निचरचं दुकान, रोटरी. आमची समिती दर जानेवारीपासून दारोदार फिरते. दुसऱ्या पत्रात जर ‘प्रायोजकत्व शुल्क’ असेल, कार्यक्रम-पुस्तिकेत जाहिरातीची पानं विकायला सांगितली असतील, ‘मोस्ट फोटोजेनिक’साठी वेगळे पैसे आणि हॉटेल त्यांनीच ठरवलेलं असेल, तर तो धंदा आहे. धंदा म्हणून तो बेकायदा नाही आणि काही मुली त्यात आनंदाने जातातही. पण त्याला शिष्यवृत्ती समजून पैसे भरू नका. तुम्ही अर्जच केलेला नसताना ‘निवड झाली’ असं पत्र आलं, यावरूनच काय ते समजा. अशी पत्रं शाळेच्या वयाच्या मुली असलेल्या घरांच्या याद्या विकत घेऊन पाठवलेली असतात.

दुसरी गोष्ट: संस्था ना-नफा आहे का ते करखात्याच्या म्हणजे आयआरएसच्या वेबसाइटवर नाव घालून पाहता येतं. ना-नफा संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९० म्हणजे हिशोबाचा अहवाल भरावा लागतो आणि तो कुणालाही वाचायला मिळतो. छोट्या स्थानिक समित्यांचा फॉर्म पोस्टकार्डाएवढा असतो, त्यात फार काही सापडणार नाही. तिथे सरळ खजिनदाराला विचारा: गेल्या वर्षी किती शिष्यवृत्ती जाहीर केली आणि त्यातली किती खरोखर कॉलेजांना पोचली? मला हा प्रश्न अकरा वर्षांत तीनच पालकांनी विचारला. तिन्ही वेळा मला त्यांचा आदर वाटला आणि वही उघडून दाखवली. जी समिती या प्रश्नावर रागावते तिच्याकडे मुलगी पाठवू नका.

‘जाहीर’ आणि ‘पोचली’ या दोन शब्दांमध्ये बरंच काही दडलेलं असतं. २०१४ मध्ये जॉन ऑलिव्हर यांच्या टीव्ही कार्यक्रमाने मिस अमेरिकेच्या ४.५ कोटी डॉलरच्या दाव्याची कागदपत्रं तपासली, तेव्हा दिसलं की एकाच मुलीला अनेक कॉलेजांनी देऊ केलेली फी-सवलत सगळी बेरजेत धरली होती. मुलगी जाणार एकाच कॉलेजात. बाकीच्या सवलती कागदावरच राहणार. त्याच कार्यक्रमाने हेही सांगितलं की एवढं करूनही फक्त स्त्रियांना शिष्यवृत्ती देणाऱ्यांत तीच सगळ्यात मोठी संस्था होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. म्हणून पत्रकावरच्या मोठ्या आकड्यापुढे थांबून विचारा: यातली रोख किती, आणि विशिष्ट कॉलेजात गेलं तरच मिळणारी सवलत किती?

एक चूक आमच्या हातून झालेली सांगते. समितीवरचं माझं दुसरं वर्ष. आम्ही विजेतीला पुठ्ठ्याचा मोठा चेक दिला, फोटो काढले, टाळ्या झाल्या. तिच्या घरात कॉलेजला जाणारी ती पहिलीच. वडिलांना वाटलं पैसे आता खात्यात येतील. आम्ही नीट सांगितलंच नव्हतं की पैसे थेट कॉलेजला जातात, तेही प्रवेशाचा पुरावा आल्यावर आणि ठरलेल्या मुदतीत. मुलीने घरच्या अडचणीमुळे एक सत्र उशिरा प्रवेश घेतला. नियमाप्रमाणे मुदत टळली होती. मी आणि आमची अध्यक्ष दोन आठवडे सगळ्या सदस्यांना फोन करत होतो, शेवटी ठराव करून मुदत वाढवली. तेव्हापासून आम्ही पहिल्याच बैठकीत एक पान वाटतो: किती पैसे, कुणाला, कधीपर्यंत, कोणता कागद लागतो. तुमच्या गावची समिती असं पान देत नसेल तर लेखी मागून घ्या.

मग कॉलेजचा भाग. बाहेरून शिष्यवृत्ती आली की काही कॉलेजं स्वतः देत असलेली मदत तेवढीच कमी करतात. गरजेवर आधारित मदत घेणाऱ्या मुलींना हे फार लागतं. १,५०० डॉलर जिंकले आणि कॉलेजने आपल्या मदतीतले १,५०० काढून घेतले, तर मुलीच्या हाती काय आलं? मेरीलँडने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांवर याला कायद्याने बंधन घातलं आणि नंतर आणखी काही राज्यांनीही. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला ईमेल करून विचारा की बाहेरची शिष्यवृत्ती आली तर तुम्ही आधी काय कमी करता, कर्ज की अनुदान. कर्ज कमी होणार असेल तर हरकत नाही. तुम्हा दोघांच्या उत्पन्नावर फाफ्साच्या, म्हणजे आर्थिक मदतीच्या सरकारी अर्जाच्या, हिशोबात गरजेची मदत मिळणारच नसेल, तर हा मुद्दा तुम्हाला फारसा लागू नाही.

कराचंही एक वाक्य. पदवीसाठी शिकणाऱ्या मुलीने शिष्यवृत्ती फी आणि अभ्यासक्रमाला आवश्यक पुस्तकांवर खर्च केली तर कर नाही. राहण्याजेवणावर केली तर ती करपात्र धरतात. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत ५२९ खातं, म्हणजे शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं असतं, त्यांना हे उपयोगी पडेल: मुलीला जेवढी करमुक्त शिष्यवृत्ती मिळते तेवढी रक्कम ५२९मधून इतर कामासाठी काढली तर १० टक्के दंड लागत नाही, फक्त वाढीवर नेहमीचा कर लागतो.

आता वेळेचा हिशोब, जो कुणी करत नाही. समजा गावची पहिली शिष्यवृत्ती १,५०० डॉलर आहे आणि पंधरा मुली आहेत. तालमी आठ आठवडे, आठवड्याला पाच तास, वर टॅलेंटचा सराव आणि शेवटचा आठवडा रोज संध्याकाळी. साठ-सत्तर तास सहज जातात. निव्वळ पैशासाठी करायचं असेल तर तेवढ्या तासांत किराणा दुकानात काम करून जवळपास नक्की पैसे मिळतील, इथे पंधरापैकी एकीला मिळणार. स्थानिक कार्यक्रमांत प्रत्येक फेरीच्या विजेतीला वेगळी छोटी शिष्यवृत्ती असते, त्यामुळे चित्र इतकं कोरडं नाही. तरी माझं मत स्पष्ट आहे: पैसे मिळाले तर उत्तम, पण त्यांच्यावर भिस्त ठेवून मुलीला पाठवू नये.

कॉलेज प्रवेशाबद्दल तर मी आणखी सावध बोलेन. कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीच्या एकाच सामाईक अर्जावर, उपक्रमांच्या १० जागा असतात, प्रत्येकीला दीडशे अक्षरं. स्थानिक पातळीवरचा सहभाग म्हणजे त्यातली एक ओळ. राज्य पातळीवर गेली तर ती ओळ जरा जड होते. या एका ओळीने कुठल्या नामांकित कॉलेजचं दार उघडल्याचं मी पाहिलेलं नाही.

मग पाठवायचं कशासाठी? मुलाखतीसाठी.

ती खोली कशी असते ते सांगते. चर्चचा एखादा वर्ग किंवा शाळेची लायब्ररी. लांब टेबलामागे आम्ही पाच जण, समोर पाण्याच्या बाटल्या आणि तिच्या अर्जाच्या प्रती. समोर एकच खुर्ची. दाराजवळ घड्याळ धरून बसलेली एक स्वयंसेविका. मुलगी आत येते आणि पुढची दहा मिनिटं पाच अनोळखी मोठी माणसं तिला काहीही विचारू शकतात. वर्तमानपत्रात काय वाचलंस, तुझ्या गावात एक गोष्ट बदलायची तर कुठली, तुझं मत कधी बदललं. आई नाही, शिक्षक नाहीत, फोन नाही. सतराव्या वर्षी अशी दहा मिनिटं किती मुलींच्या वाट्याला येतात? माझ्या वाट्याला पहिली आली ती पंचविसाव्या वर्षी, नोकरीच्या मुलाखतीत, आणि माझे हात ओले झाले होते.

आपल्या घरांतल्या मुली इथे एका ठरावीक जागी अडतात. आपण वक्तृत्व स्पर्धेत वाढलो. भाषण पाठ करायचं, हातवारे बसवायचे, ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग’पासून टाळ्यांपर्यंत एका दमात म्हणायचं. आपण नकळत मुलींनाही तसंच तयार करतो, वीस संभाव्य प्रश्न आणि वीस छापील उत्तरं. परीक्षकाला ते पहिल्या दहा सेकंदांत कळतं. डोळे किंचित वर जातात, आवाज एका पट्टीत येतो. मग आम्ही मुद्दाम उपप्रश्न विचारतो आणि पाठांतर तुटतं.

एक मुलगी आठवते. आडनावावरून भारतीय, आईबाबांचं मोटेल. नेतृत्वाबद्दलचा प्रश्न आला तेव्हा तिने पाठ केलेलं सुरू केलं, मध्येच अडली आणि गप्प झाली. आम्हीही गप्प. मग ती म्हणाली, “खरं सांगू? शनिवारी सकाळी मी फ्रंट डेस्कवर असते. खोली आवडली नाही म्हणून ओरडणारा माणूस समोर असतो आणि आई मागे लाँड्रीत असते. तेव्हा मी ठरवते की आईला बोलवायचं की नाही. बहुतेक वेळा नाही बोलवत.” माझ्या शेजारच्या निवृत्त न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि ते तिच्याकडे बघत राहिले. त्या दिवशी मुलाखतीत तिला सगळ्यात जास्त गुण होते.

म्हणून घरी तयारी अशी करा. रात्री जेवताना एक प्रश्न. उत्तर कागदावर नाही. ती बोलली की तुम्ही फक्त विचारायचं, “म्हणजे कसं? एक उदाहरण सांग.” दुरुस्त करायचं नाही, इंग्रजी तर मुळीच नाही. आजीलाही विचारू दे, मराठीत. आजीचे प्रश्न आमच्यापेक्षा अवघड असतात. दोन महिन्यांत मुलीच्या बोलण्यात जो फरक पडतो तो तुम्हाला ऐकू येईल, आणि हरली तरी तो तिच्याजवळ राहतो. कॉलेजच्या मुलाखतीत, पहिल्या नोकरीत, डॉक्टरसमोर आपलं दुखणं सांगताना.

कथकचं. “तिथे कोण विचारणार” असं तुम्ही लिहिलंत. तिथे नाच समजणारा परीक्षक बहुधा नसेल हे खरं. पण तसं पाहिलं तर ऑपेरा समजणाराही नसतो. २०२०च्या मिस अमेरिका कॅमिल श्रायरने टॅलेंट म्हणून रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक केलं, हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस उंच उडवून दाखवला, आणि जिंकली. २०१३ च्या सप्टेंबरात नीना दवुलुरी बॉलिवूड ढंगाचा नाच करून मिस अमेरिका झाली, पहिली भारतीय वंशाची. परीक्षकाला न समजणारी कला चालते. न समजणारी रचना चालत नाही.

टॅलेंटला ९० सेकंद मिळतात आणि त्यापुढे गेलेलं चालत नाही. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रांची लय धरली तर सोळा मात्रांचं एक आवर्तन चार सेकंदांचं होतं, म्हणजे हातात बावीस आवर्तनं. मी बसवायला सांगते ते असं: दोन आवर्तनं उभं राहणं आणि नजर, प्रेक्षकांना घुंगरू ऐकू येऊ दे. मग एक तुकडा, एक छोटी गत ज्यात गोष्ट आहे, घुंघट किंवा पाण्याचा घडा, कारण अभिनय कुणालाही कळतो. शेवटी चक्रदार आणि तिहाई समेवर. सम म्हणजे काय हे टेबलामागच्या माणसाला माहीत नसतं, पण तीन वेळा तेच बोल येऊन पाय थांबला की तो खुर्चीत पुढे सरकतो. हे मी दर वेळी पाहिलंय. वीस आवर्तनांत संपवा, दोन हातात ठेवा. गुरूंना हे बसवायला आधी सांगा, नाहीतर ते आठ मिनिटांच्या रचनेतून मधलाच तुकडा कापून देतील आणि तो कुठेच सुरू होत नाही, कुठेच संपत नाही.

आणि मंच बघून या. हायस्कूलचा मंच बहुधा गुळगुळीत लाकडाचा असतो, फिटनेसच्या तालमीनंतर त्यावर घाम आणि हेअरस्प्रे पडलेला असतो. अनवाणी चक्कर घेताना पाय सरकतो. ओलं फडकं मारायला दोन मिनिटं मागून घ्या, समिती देते. मायक्रोफोन जमिनीजवळ ठेवायलाही आधी सांगा. आमच्याकडे एका मुलीचे घुंगरू रेकॉर्ड केलेल्या तबल्याखाली पार बुडाले होते. तिचं सगळं काम पायात होतं आणि ते ऐकूच आलं नाही.

आता एक छोटी गोष्ट, माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची. नाव. बेस मायरसनला १९४५ मध्ये सांगितलं गेलं होतं की हे आडनाव फार ज्यू वाटतं, बदल. तिने नकार दिला, त्याच नावाने जिंकली, आणि तरीही काही प्रायोजकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. नीना दवुलुरी जिंकली त्या रात्री ट्विटरवर तिला काय काय म्हटलं गेलं ते तुम्हाला आठवत असेल. तुमच्या लेकीच्या गावात असं होईलच असं नाही. माझा अनुभव उलट आहे, लोक मायेने वागतात. पण निवेदकाच्या कार्डावर तिचं नाव फक्त इंग्रजी स्पेलिंगमध्ये असेल तर तो अडखळेल, हसेल, काहीतरी जवळचं म्हणेल आणि मुलगी त्या क्षणी मंचावर जरा लहान होईल. मी हे होताना पाहिलंय आणि ते मला बघवत नाही. आता मी स्वतः प्रत्येक कार्ड लिहिते. नावाचे तुकडे पाडून, कुठे जोर द्यायचा तिथे रेघ मारून, आणि निवेदकाला तालमीत मुलीसमोर तीनदा म्हणायला लावते. तुमच्या लेकीला सांगा की तिने स्वतः हे मागावं. “माझं नाव असं म्हणायचं” हे वाक्य पहिल्याच बैठकीत म्हणायला जमलं तर मुलाखतीची अर्धी तयारी झाली. टोपणनाव देऊन सोपं करू नका, ती स्वतः म्हणत नसेल तर.

फिटनेसच्या फेरीबद्दल मी कळकळीने सांगते. त्यात दम, ताल आणि ताकद बघतात. वजन कुणी बघत नाही. तरी दरवर्षी एखादी मुलगी जेवण कमी करते. एका वर्षी एक मुलगी तालमीत चक्कर येऊन बसली, सकाळपासून फक्त काकडी खाल्ली होती. आम्ही तिला आधी पीनट बटरचं सँडविच दिलं आणि मग तिच्या आईला बाजूला घेतलं. घरात ‘गाऊनमध्ये बसेल का’ हे वाक्य निघू देऊ नका. पोशाख मुलीच्या मापाचा घ्या, उसना घेतला तरी चालतो. आमच्या समितीकडे कपाटभर पोशाख आहेत.

सासूबाईंचं तुम्ही वाद घालून सोडवू नका. त्यांना तालमीला घेऊन जा. पंधरा मुली ट्रॅकपँटमध्ये घामाघूम, एक व्हायोलिन चुकतेय, एक मंचामागे कॅल्क्युलसचा अभ्यास करतेय, आणि सगळ्या मिळून एकीचा फाटलेला बूट टेपने चिकटवतायत. आपल्या शाळेच्या गॅदरिंगच्या आधीचा आठवडा असाच असायचा. त्यांनी ते बघितलं तर त्यांचा शब्द आपोआप बदलेल. नाही बदलला तरी त्यांनी बघून मत दिलेलं असेल, आणि तो त्यांचा हक्क आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येत नाहीत. मिस अमेरिकेच्या साखळीत अमेरिकन नागरिकत्व लागतं, इतर कार्यक्रमांचे नियम आपापले असतात. तुम्ही अजून एच-४ व्हिसावर किंवा ग्रीनकार्डाच्या रांगेत असाल तर अर्ज भरण्याआधी हाच प्रश्न विचारा, मुलीने मन गुंतवल्यावर नको. तुमच्या गावचा कार्यक्रम सीनियर वर्षाच्या सुरुवातीला येत असेल तर तो कॉलेज अर्जांवर आदळेल. तिच्याकडे आधीच चार एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, मार्चिंग बँड आणि नोकरी असेल तर मी एखादं काम सोडल्याशिवाय हो म्हणणार नाही. आणि समिती कोण चालवतं यावर फार काही ठरतं. त्याच नावाखाली एका काउंटीत मायाळू शिक्षिका असतात आणि शेजारच्या काउंटीत आपल्या मुलींचे मुकुट न विसरलेल्या आया. म्हणून पालकांच्या पहिल्या बैठकीला जाऊन मागे बसा आणि बघा: गेल्या वर्षी न जिंकलेल्या मुली मदतीला आल्या आहेत का? आल्या असतील तर तिथे मुलींशी नीट वागतात.

आता निकालाच्या रात्रीचं. पंधरापैकी चौदा मुली न जिंकता घरी जातात. गाडीत काही बोलू नका. ‘परीक्षकांना कथक कळत नाही’ हे तर नकोच, कारण ते ऐकून ती शिकते की आपलं चुकतच नाही, आणि ‘अजून सराव हवा होता’ हेही नको. तिला भूक लागलेली असते, दुपारपासून खाल्लेलं नसतं. वाटेत वॉफल हाउस उघडं असेल. दोन दिवसांनी समितीकडे तिचे फेरीनिहाय गुण किंवा परीक्षकांचे शेरे मिळतात का ते तिलाच विचारायला सांगा. काही समित्या देतात, काही देत नाहीत. आम्ही देतो, मागितले तर.

तुमच्या जागी मी असते तर ते चकचकीत पत्र रद्दीत टाकलं असतं, काउन्सेलरच्या पत्रकाला हो म्हटलं असतं, आणि अर्ज लेकीलाच भरायला लावला असता, आईच्या अक्षरात नाही. तिने स्वतः भरून मुदतीत दिला तर तिला खरंच जायचंय. पडून राहिला तर तेही उत्तर आहे आणि ते निमूट मानावं.

तुमच्या गावच्या समितीने शिष्यवृत्तीच्या अटींचं पान दिलं की त्यातली मुदतीची आणि ‘कॉलेजला थेट अदा’ची ओळ इथे लिहा, बाकी मजकूर नको. काय विचारायचं राहिलंय ते मी बघून सांगते. आणि गुरूंना आजच फोन करा. वीस आवर्तनांत तिहाईसकट नीट बसवायला त्यांना तीन-चार आठवडे लागतील.